बर्फाच्या उतारावर पाऊल टाकण्याआधी काय पाहायचं, काय टिपायचं

सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसाला डोंगर पाहायची सवय असते. कुठली सोंड चढायची, घसारा कुठे आहे, कुठल्या कातळावर पावसाळ्यात शेवाळ धरतं, हे आपण न बोलता ठरवतो. हिवाळ्यात हिमालयात गेलं की ही सवय अपुरी पडते. तिथे दिसतो तो फक्त वरचा पृष्ठभाग, सगळीकडे सारखाच पांढरा. त्याच्या खाली हंगामाच्या सुरुवातीपासून पडलेल्या प्रत्येक बर्फाचा आपापला थर असतो. त्यातला एखादा थर कच्चा राहिला आणि वरचा बर्फ घट्ट होऊन त्याची स्लॅब झाली, तर ती स्लॅब एकाच वेळी सुटते. अपघातांच्या नोंदी पाहिल्या तर, ज्या हिमस्खलनात माणसं सापडतात ते सुमारे नव्वद टक्के वेळा त्या माणसानेच किंवा त्याच्या गटातल्या कुणीतरी सुरू केलेलं असतं. म्हणजे बहुतेक वेळा आपलंच वजन निमित्त होतं, आणि ते कुठे टाकायचं हे आपल्या हातात असतं.

मी गुलमर्गला स्की टूरिंग करते. स्कीच्या तळाला स्किन्स, म्हणजे मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या, चिकटवून स्वतःच्या पायांनी चढायचं आणि मग उतरायचं, असा हा प्रकार. त्यामुळे उदाहरणं तिथली येतील. पण केदारकंठा किंवा ब्रह्मतालला हिवाळी ट्रेकला जाणाऱ्यांना, सोलंगच्या वर भटकणाऱ्यांना आणि उत्तरकाशी-मनालीच्या गिर्यारोहण कोर्सला जाणाऱ्या मुलामुलींना यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं.

एक गोष्ट आधीच सांगते. निरीक्षणं करायची ती परत फिरायचं कारण शोधण्यासाठी. अमुक उतार सुरक्षित आहे असा दाखला कुठलाही पिट, म्हणजे थर तपासायला बर्फात खणलेला खड्डा, देत नाही, कुठलंही उपकरण देत नाही. जे सापडेल ते 'नको' म्हणणारं असेल तर तिथे विषय संपला. काहीच सापडलं नाही, तर एवढंच कळतं की अजून सापडलेलं नाही.

घरून निघण्याआधी

भारतात हिमस्खलनाचा इशारा डीआरडीओची डीजीआरई ही संस्था देते. मनालीमुळे जुन्या गिर्यारोहकांना ठाऊक असलेली 'सासे' ही बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. इशारा जिल्हावार असतो. बारामुल्ला, कुपवाडा, गांदरबल, कुलू, लाहौल-स्पीती, चमोली अशी नावं आणि अमुक मीटर उंचीच्या वर अमुक पातळीचा धोका, असं त्याचं स्वरूप. राज्यांची आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणं तो पुढे पाठवतात आणि बातम्यांतही येतो. तो रोज वाचायचा, वहीत उतरवायचा. मात्र बारामुल्ला जिल्हा केवढा, आणि आपण उद्या ज्या घळीच्या तोंडाशी उभे असणार ती केवढी! इशारा पूर्ण जिल्ह्यासाठी असतो. त्या घळीबद्दल तो काहीच सांगत नाही, ते आपण पाहायचं असतं.

इशाऱ्याइतकाच महत्त्वाचा असतो हंगामाचा इतिहास. जाण्याआधी तीन-चार आठवडे तिथलं हवामान मी टिपत असते. पहिला टिकलेला बर्फ कधी पडला, मग कोरडे दिवस किती गेले, थंडी किती होती, पाऊस झाला का, पुढचा मोठा पश्चिमी झंझावात कधी आला. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान असतो. सगळ्यात कडक थंडी तेव्हाच. बर्फ पातळ आणि थंडी कडक असे दिवस लांबले की मला काळजी वाटते. कारण सांगते.

बर्फाच्या तळाशी, जमिनीला लागून, तापमान साधारण शून्य अंशाच्या आसपास राहतं. वरचा पृष्ठभाग हवेइतका थंड असतो, निरभ्र रात्री तर हवेपेक्षाही थंड. हा फरक किती जाडीत पसरलाय ते पाहायचं. समजा बर्फ ८० सेंटीमीटर आहे आणि पृष्ठभाग उणे १२ अंश, तर दर १० सेंटीमीटरला दीड अंशाचा फरक पडतो. दर १० सेंटीमीटरला एक अंशाच्या वर फरक गेला की थरातले कण एकमेकांना धरेनासे होतात आणि कोनदार, सुटे बनत जातात. स्की करणारे याला शुगर स्नो म्हणतात. मुठीत दाबला तरी त्याचा गोळा होत नाही, बोटांतून ओघळतो. तेच बर्फ दोन मीटर आणि पृष्ठभाग उणे १० असेल तर फरक अर्ध्या अंशाचा. तिथे कण गोल होतात, एकमेकांना चिकटतात आणि थर दिवसेंदिवस घट्ट होतो. म्हणून यंदा बर्फ कमी आहे तर धोकाही कमी, हा हिशेब चुकीचा आहे. कमी बर्फाच्या हंगामात तळ कच्चा राहण्याची शक्यता जास्त.

२०२४ चा जानेवारी आठवा. गुलमर्गच्या तपकिरी, बर्फाविना पडलेल्या उतारांचे फोटो देशभर फिरले होते. बर्फ महिनाअखेरीला आला, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जोरात झाला, आणि २२ फेब्रुवारीला खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ ला, गुलमर्गच्या माथ्यावरच्या अफरवत डोंगराच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीअर गेले. दोन्ही वेळा मोठा बर्फ पडून गेल्याला थोडेच दिवस झाले होते. झंझावात ओसरतो, आभाळ निळंशार होतं, ताजा बर्फ चमकत असतो आणि सगळ्यांना बाहेर पडायची घाई असते. नेमके तेच दिवस सगळ्यात जपून राहायचे.

सकाळी, उतारावर जाण्याआधी

गोंडोलाने, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेने, कोंगडोरीच्या मधल्या स्टेशनला आणि तिथून वर जाताना लोक व्हिडिओ काढत असतात. मी टॉवर बघत असते. वाऱ्याने आणलेलं धुकं खांबांवर, तारांवर आणि झाडांवर गोठतं आणि ज्या दिशेने वारा येतो त्याच बाजूला वाढत जातं. खांबाच्या कुठल्या अंगाला पांढरी पिसं फुटलीत हे पाहिलं की रात्रीचा वारा कुठून होता ते कळतं. मग त्याच्या उलट्या बाजूचे, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाचे उतार डोळ्यांसमोर आणायचे. तिथे बर्फ साचलेला असणार. पश्चिमी झंझावातात वारा बहुधा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो आणि अफरवतची गोंडोलाकडची बाजू ईशान्य-पूर्वेला तोंड करून आहे. म्हणजे धारेपलीकडचा बर्फ उचलून वारा आपण जिथून उतरणार नेमका तिथेच आणून टाकतो. आकाशातून जेवढा पडतो त्याच्या दहापट वेगाने वारा बर्फ साठवू शकतो. 'काल फक्त १५ सेंटीमीटर पडला' या वाक्याला म्हणूनच अर्थ नाही. कुठे पडला आणि कुठे साचला, दोन्ही विचारायचं.

धारेच्या काठावर बर्फाचे छज्जे दिसतात का ते पाहायचं. ज्या बाजूला छज्जा झुकलेला, ती बाजू वाऱ्याने लादलेली. चोवीस तासांत ३० सेंटीमीटरच्या आसपास नवा बर्फ झाला असेल, तर त्या दिवशी तीव्र उतार माझ्या यादीतून जातात, मग बाकी काहीही दिसो. आणि समोरच्या डोंगरावर ताजं स्खलन दिसलं तर बाकीची चर्चाच थांबवायची. कुठल्या दिशेचा उतार, किती उंचीवर, तुटल्याची रेघ किती लांब आणि साधारण किती खोल, एवढं टिपायचं आणि तशाच दिशेचे, तशाच उंचीचे उतार त्या दिवसापुरते सोडून द्यायचे. ताज्या स्खलनाइतका स्पष्ट पुरावा डोंगर दुसरा कुठला देत नाही.

स्थानिक माणसांशी बोलायला वेळ काढा. उतारांवर गस्त घालणारी स्की पेट्रोलची मंडळी, टंगमर्गचे गाईड, स्लेज ओढणारी पोरं, हे सगळे रोज त्याच डोंगरावर असतात. 'बर्फ कैसा है' असं विचारलं की 'बढिया है जी' एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा नेमकं विचारा. रात्री वारा कधी सुरू झाला? पाऊस किती उंचीपर्यंत झाला? आज कुठे काही सुटलं का? कुठे जायचं तुम्ही टाळताय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं असतं.

उताराचा कोन

स्लॅब सुटते ती मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. दुर्दैवाने स्कीला मजा येते तीही त्याच कोनात. कोन नजरेने सांगू नये, मोजावा. क्लायनोमीटर स्वस्त असतो, मोबाइलमध्येही ॲप मिळतं. पण थंडीत मोबाइल मान टाकतो, म्हणून दोन काठ्यांची पद्धत हातात बसवून घ्या.

दोन्ही काठ्या सारख्या लांबीच्या करा. एक काठी उताराच्या दिशेने बर्फावर आडवी दाबून तिचा ठसा उमटवा. आता तिचं टोक ठशाच्या वरच्या टोकाला टेकवून मूठ उचला. दुसऱ्या काठीची मूठ पहिलीच्या मुठीला लावा आणि तिला सरळ खाली लोंबू द्या. दोन्ही मुठी एकत्र धरूनच वर-खाली करा, लोंबणाऱ्या काठीचं टोक बर्फाला टेकेपर्यंत. ते ठशाच्या बरोबर खालच्या टोकाला लागलं तर उतार ३० अंश. ठशाच्या खाली गेलं तर ३० पेक्षा तीव्र, आणि दर १० सेंटीमीटरला साधारण तीन अंश वाढवायचे. ठशाच्या आत पडलं तर उतार सौम्य. सौम्य, छोट्या उतारावर ही कसरत पंचवीस-तीस वेळा केली की नजरही बसते.

आपण उभे आहोत तिथला कोन एवढाच पुरत नाही. डोक्यावर काय आहे तेही बघायचं. सपाट पठारावर चालताना वरचा उतार ३८ अंशांचा असेल, तर तो खालून सुटू शकतो आणि येऊन आपल्यालाच गाठू शकतो. आणि इथे सह्याद्रीची एक सवय मुद्दाम मोडावी लागते. आपल्याला नाळेचं आकर्षण असतं. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणाऱ्याला घळ म्हणजे वर जायची हक्काची वाट वाटते. बर्फात घळ म्हणजे सापळा. दोन्ही अंगांचा बर्फ तिथेच उतरतो, आणि अरुंद जागेत थोडा बर्फ आला तरी माणूस खोल गाडला जातो. वाट आखायची ती सोंडेवरून, शक्य तिथे दाट झाडीतून. खडकांच्या बाबतीतही तसंच. एरवी कातळ दिसला की आपल्याला धीर येतो. इथे बर्फातून डोकं काढलेल्या खडकाभोवती बर्फ पातळ असतो, खालचा थर कच्चा असतो, आणि स्लॅब बऱ्याचदा तिथूनच सुटते.

चालताना

स्किन्स लावून चालताना दर काही मिनिटांनी मी वाटेच्या बाजूच्या बर्फात काठी उलटी करून मुठीकडून खाली दाबते. वर प्रतिकार आणि मग एकदम पोकळ, असं लागलं की हाताला लगेच कळतं. वळणावर वरच्या बाजूचा छोटासा तुकडा स्कीने दाबून पाहते, तडकतो का. पाच-सहा फूट उंचीचे, खाली काहीही धोका नसलेले टेकाड दिसले की त्यांच्या माथ्यावर पाय आपटून पाहते. यात वेळ जात नाही, आणि दिवसभरात अशा डझनावारी जागा तपासून होतात. एकच पिट खणण्यापेक्षा हे कितीतरी जास्त सांगतं.

एक दृश्य सांगते. कोंगडोरीच्या बाजूला, भोजपत्राची झाडं विरळ होतात तिथे, आम्ही चौघं पुरेसं अंतर ठेवून सपाट जागेतून चाललो होतो. पायाखालून एकदम 'धुम्म' असा दबका आवाज आला आणि जमीन बोटभर खाली गेली. माझ्या स्कीच्या टोकापासून एक बारीक चीर निघाली आणि सरळ पुढच्या भोजाच्या बुंध्यापर्यंत धावत गेली. झाडाच्या फांदीवरचा बर्फ झडला. पुढे असलेल्या आमच्या गाईडने हात वर केला, सगळे जागच्या जागी थांबलो. तो आवाज म्हणजे खालचा कच्चा थर कोसळल्याचा. सपाटीवर होतो म्हणून काही घसरलं नाही. हाच थर ३५ अंशांवर असता तर तो चालू लागला असता. त्या दिवशी आम्ही पिट खणला तो फक्त थर किती खोल आहे हे लिहून ठेवायला. निर्णय त्या आवाजानेच झाला होता.

'धुम्म', धावणारी चीर, ताजं स्खलन, भरपूर नवा बर्फ, वाऱ्याने लादलेला उतार आणि झपाट्याने वाढलेलं तापमान, या गोष्टी धोक्याच्या खुणा आहेत. यातली कुठलीही दिसली की वही काढा, वेळ लिहा आणि बेत बदला.

पिट

पिटमध्ये शिरण्याआधी सामानाचं थोडक्यात. गटातल्या प्रत्येकाच्या अंगावर चालू केलेला बीकन (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ उपकरण), सॅकमध्ये प्रोब (बर्फात टोचून पाहायची लांब काठी) आणि धातूच्या पात्याचं फावडं. सगळे बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे कंपनी वेगळी असली तरी अडत नाही. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर तो बहुधा जगतो. अर्ध्या तासानंतर आशा फार कमी उरते. बाहेरून मदत तेवढ्यात पोचत नाही, बरोबरचेच पोचतात. हे सामान नसेल तर पिट खणायलाही जाऊ नये. पिटसाठी वेगळं लागतं ते असं: बर्फाची करवत, गाठी मारलेली तीनेक मीटर बारीक दोरी, थर्मामीटर, भिंग, मिलिमीटरच्या रेघा असलेलं कार्ड, पट्टी.

जागा निवडण्यातच निम्मं काम आहे. ज्या उतारावर जायचंय त्याच दिशेची, त्याच उंचीची, जवळजवळ त्याच कोनाची, पण लहान आणि खाली मोकळी जागा हवी. झाडाखाली नको, फांद्यांवरून पडलेला बर्फ थर बिघडवतो. जुन्या स्कीच्या खुणांवर नको. आधी प्रोबने आसपास टोचून बर्फाची खोली पाहायची, म्हणजे एखाद्या खडकावर किंवा झुडपावर खणायला बसत नाही. गटातला एक जण सुरक्षित जागेवरून नजर ठेवतो.

खणायचं उताराच्या खालच्या बाजूने, म्हणजे वरची भिंत अस्पर्श राहते. त्या भिंतीच्या वर कुणी उभं राहायचं नाही, सॅकही टाकायची नाही. दीड मीटर खोल पुरे, कारण एका माणसाच्या वजनाचा दाब मीटरभराच्या खाली फारसा पोचत नाही. हंगामाच्या सुरुवातीला मात्र जमिनीपर्यंत जा. भिंत फावड्याने तासून सपाट करा, सावली तिच्यावर पडेल अशी ठेवा.

मग हातमोजा घातलेल्या हाताने वरून खाली भिंत चाचपायची. हलक्या, सारख्या जोराने मूठ आत जाते का? नाही तर चार बोटं, नाही तर एक बोट, मग पेन्सिल, मग सुरी. जे पहिल्यांदा आत जाईल ती त्या थराची कठीणता. शोधायचं ते कठीणवर मऊ नव्हे, मऊवर कठीण. वर 'एक बोट' आणि खाली 'मूठ' असं आलं की तिथे थांबा. त्या सीमेवर कार्ड सरकवून कण काढा आणि भिंगाखाली धरा. चमकणाऱ्या सपाट बाजू आणि कोन दिसले तर शुगर स्नो. पिसासारखी, पट्ट्यापट्ट्यांची पानं दिसली तर निरभ्र रात्री पृष्ठभागावर उगवलेलं आणि नंतर गाडलं गेलेलं दव. हा थर काही मिलिमीटरचा असतो, भिंतीत राखाडी रेघेसारखा दिसतो आणि फार धोकादायक असतो. साबुदाण्याएवढे पांढरे गोल दाणे असतील तर ते ढगातूनच तसे पडलेले. शेवटी दर १० सेंटीमीटरला तापमान घ्या. थर्मामीटर सावलीत ठेवा, मिनिटभर थांबा.

त्या दिवशी भोजाच्या झाडांजवळ आम्हाला मिळालं ते असं. एकूण ११० सेंटीमीटर. वरचा ३५ सेंटीमीटर वाऱ्याने दाबलेला, चार बोटं ते एक बोट. त्याखाली दोन सेंटीमीटरचं कडक कवच, पेन्सिल. कवचाच्या लगेच खाली १२ सेंटीमीटर कोनदार दाणे, दोन मिलिमीटरपर्यंतचे, मूठ सहज आत. फावड्याच्या टोकाने तो थर खरवडला की दाणे खाली ओघळत होते आणि कवच अधांतरी राहत होतं.

आता चाचण्या. पहिली, दाबाची. ३० बाय ३० सेंटीमीटरचा खांब चारी बाजूंनी मोकळा करायचा, मागची बाजू दोरीने किंवा करवतीने कापायची. वर फावड्याचं पातं ठेवायचं. मनगटातून दहा टपल्या, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा, हात आपल्या वजनानेच पडू द्यायचा. कितव्या टपलीला, किती खोलीवर तुटलं ते लिहायचं. पहिल्या दहात तुटलं तर सहज, विसाच्या आत मध्यम, त्यापुढे अवघड. पण आकड्याहून तुटणं कसं झालं ते महत्त्वाचं. खांब एका क्षणात सपाट तुटून पुढे सरकला, किंवा थरच एकदम बसला, तर ती वाईट खूण. चिरडत, खडबडीत तुटला तर तितकी नाही.

दुसरी चाचणी माझ्या मते जास्त उपयोगाची. तिला ईसीटी (एक्स्टेंडेड कॉलम टेस्ट) म्हणतात. खांब ९० सेंटीमीटर रुंद, वरच्या दिशेला ३० सेंटीमीटर. टपल्या फक्त एका टोकाला मारायच्या, क्रम तोच. चीर सुरू झाली आणि त्याच किंवा पुढच्याच टपलीला अख्ख्या ९० सेंटीमीटरभर गेली, तर ती पसरणारी चीर. 'ईसीटीपी १४, ३७ सेंमीवर' अशी नोंद होते. टोकालाच राहिली तर 'ईसीटीएन'. उतारावर स्लॅब सुटते ती चीर पसरल्यामुळे, म्हणून ही चाचणी नेमका तोच प्रश्न विचारते. आमच्या पिटमध्ये चौदाव्या टपलीला खांबाची अख्खी वरची बाजू एका झटक्यात सुटली आणि खणलेल्या खड्ड्यात आली.

चाचणीत चीर पसरली तर विश्वास ठेवा. नाही पसरली तर दुसऱ्या जागी पुन्हा करा, आणि तरीही तिच्या भरवशावर मोठ्या उतारावर जाऊ नका. बर्फ पन्नास पावलांवर बदलतो. सकाळी धोक्याच्या खुणा दिसल्या असतील तर चांगला पिट त्या खोडून काढत नाही. आम्ही त्या दिवशी फरच्या जंगलातल्या २५ अंशांच्या सोंडेवर दोन फेऱ्या मारल्या आणि परतलो.

काम झालं की खड्डा बुजवायचा. मागून येणाऱ्याच्या वाटेत तो उघडा ठेवू नये.

नोंदवही

पाण्याने न भिजणाऱ्या कागदाची छोटी वही आणि पेन्सिल. पेनची शाई थंडीत उतरत नाही. तारीख, वेळ, जागा, उंची, उताराची दिशा आणि कोन, आभाळ, वारा, हवेचं तापमान, एकूण बर्फ, नवा बर्फ, धोक्याच्या खुणा, पिट केला असेल तर थर आणि चाचण्या, शेवटी काय ठरवलं आणि का. 'बर्फ मस्त होता' ही नोंद नव्हे. '११.२०, ३,१५० मी., ईशान्य, २ अंश उतार, धुम्म आवाज, चीर १२ मी., नवा बर्फ १८ सेंमी, वारा नैर्ऋत्य मध्यम' ही नोंद. पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं लिहा. मी डाव्या पानावर पाहिलेलं लिहिते, उजव्या पानावर माझा अंदाज. आठवड्याने दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली की अंदाज कुठे बरोबर आले, कुठे नाही, हे सरळ दिसतं.

मार्चनंतर प्रश्न बदलतो. ऊन लागणाऱ्या दक्षिण उतारावरून दुपारी बर्फाचे गोळे गडगडायला लागले, पाय घोट्यापर्यंत ओल्या बर्फात रुतायला लागले, की त्या उताराची वेळ संपली. रात्री नीट गोठला होता का हे पहाटे पाहायचं, लवकर निघायचं, उन्हाआधी उतरायचं.

आणि हिमस्खलन फक्त जानेवारी-फेब्रुवारीतच होतं असं समजू नका. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा २ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा ॲडव्हान्स कोर्सचा गट हिमस्खलनात सापडला. सत्तावीस मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. त्यात प्रशिक्षकही होते. पावसाळा संपता संपता वर पडलेला नवा बर्फही तितकाच विचारपूर्वक पाहावा लागतो.

ट्रेकच्या मोठ्या गटात असाल तर पिट खणायला कुणी थांबणार नाही, हे मला माहीत आहे. तरी लीडरला आदल्या संध्याकाळी विचारता येतं: उद्याच्या वाटेवर ३० अंशांच्या वर, किंवा तशा उताराखाली, आपण कुठे असणार? तिथे एकेक करून जाणार का? गेल्या दोन दिवसांत नवा बर्फ आणि वारा किती होता? कुठल्या खुणा दिसल्यावर परतायचं ठरवलंय? चांगला लीडर या प्रश्नांनी खूश होतो. जो चिडतो, त्याच्याबरोबर पहाटे तीन वाजता टॉर्चच्या उजेडात शिखराच्या उतारावर जाऊ नये असं मी स्पष्ट सांगते.

खाली आल्यावर दिवसभराच्या नोंदी स्की पेट्रोलला किंवा गाईडला त्याच संध्याकाळी सांगा. दुसऱ्या दिवशीचे बेत रात्री जेवताना ठरतात, त्यामुळे नोंद सकाळपर्यंत ठेवली तर उशीर होतो. जागा, उंची, दिशा, वेळ, काय पाहिलं, एवढं पुरे. मत विचारलं तरच द्या. आणि तुम्हाला कुणी असं काही सांगितलं, तर ते त्याच्या नावासकट आणि वेळेसकट डाव्या पानावर लिहून घ्या.